रुखवतावरची बाहुली

मी बाहुल्या खेळत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं ऐकायच्या आतच लोकांचे चेहरे बदलतात. पन्नाशीला टेकलेली बाई, नवऱ्याला सोडून आलेली, पोर ना बाळ, आणि पिशवीत बाहुली! झालं, लोक मान वाकडी करून "अरेरे" म्हणायला मोकळे. मला ते अरेरे नको. तुमच्याकडेच ठेवा, कधीतरी तुम्हालाच लागेल.

मी शिवते. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या गावांमध्ये बायकांना शिवण शिकवायला जाते. महिन्यातले वीस दिवस एसटीत, जीपमध्ये, नाहीतर कुणाच्या तरी स्कूटीमागे बसून जातात. राहते किन्हवलीजवळ, भावाच्या घराला लागून स्वतः बांधलेल्या खोलीत. या फिरतीत माझ्या पिशवीत टेप, कात्री, खडू, मशीनचा छोटा स्क्रू-ड्रायव्हर आणि एक बाहुली असते. फुटाला थोडी कमी, कोपर-गुडघे-मनगट वळणारी, हौशी लोक काचेच्या कपाटात जमवून ठेवतात तसली. तिचे कपडे मी शिवते आणि जिथे जाते तिथे तिचा फोटो काढते. यात कुणाचं काय जातं?

पण जातं. एकदा एक कंडक्टर म्हणाला, "मावशी, पोरीचं हाफ काढू का?" सगळी गाडी हसली. मी म्हटलं, "काढ की. पण मग तिला खिडकीची सीट द्यावी लागेल, बघ." मग तो पुढच्या सीटकडे वळला. सरळगावच्या नाक्यावर एका म्हातारीने पदर तोंडाला लावून विचारलं, "बाय, करणीची तर नाय ना गो ही?" मी म्हटलं, "आजी, करणी येत असती तर मी एसटीची वाट बघत उन्हात उभी राहिले असते का?" म्हातारी हसली आणि मग तिनेच बाहुलीच्या चोळीची गाठ बघायला मागितली.

ही बाहुली माझ्याकडे आली ती वाशिंदहून. तिकडे नव्या इमारती झाल्या, तिथे मुंबईहून राहायला आलेल्या एक बाई माझ्याकडे ब्लाउज शिवायच्या. त्यांच्या घरी भिंतभर कपाट आणि कपाटभर बाहुल्या. निम्म्या तर अजून खोक्यातच, समोर प्लॅस्टिकची खिडकी असलेल्या. एका बाहुलीला नववारी शिवून द्याल का, असं त्यांनी विचारलं. मला आधी हसू आलं आणि मग माप घेताना हसू पळालं, कारण ते काम सोपं नव्हतं. त्यांनीच मला या जगातला नियम सांगितला. खोका उघडला की बाहुलीची किंमत उतरते. उघडून वर काही मोडलं तर संपलंच. त्यांच्याकडे अशी एक होती. कुणीतरी खोक्यातून काढली आणि डाव्या मनगटात मोडली, ते गोंदाने चिकटवलेलं. "ही आता कलेक्शनमध्ये बसत नाही," त्या म्हणाल्या, "तुम्हाला मापाला उपयोगी पडेल, घेऊन जा."

मी तिच्याकडे बघितलं. खोक्याबाहेर आलेली, हात दुखावलेली, किंमत उतरलेली. मी म्हटलं, "द्या बाई. आमचं दोघींचं जमेल." त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय.

आता मला माझं थोडं सांगावं लागेल, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. तेविसाव्या वर्षी लग्न होऊन मी मुरबाड तालुक्यातल्या एका गावात गेले आणि चार वर्षांनी परत आले. तो हात उचलायचा आणि सासू खोलीला बाहेरून कडी घालायची. यापेक्षा जास्त सांगायची मला गरज वाटत नाही. एका सकाळी कडी घालायची राहिली. मी बाहेर पडले आणि पहिली जी गाडी आली तिच्यात चढले. अंगावर एक साडी आणि हातात माझी कात्री. मागे राहिली ती मशीन.

ती पायाची मशीन माझी होती. सोळाव्या वर्षापासून मी तिच्यावर शिवत होते. तिच्या फळीवर कात्रीच्या टोकाने मी इंचाइंचाच्या खुणा करून ठेवल्या होत्या, म्हणजे टेप शोधायला नको. पण माझ्या लग्नात रुखवत मांडलं तेव्हा टेबल रिकामं दिसत होतं. चार हंडे, लाडवांचं ताट, विणलेली तोरणं, एवढ्याने काय भरतंय? माझ्या बापाने घरातून मशीन उचलून आणली, झेंडूचा हार घातला आणि मधोमध ठेवली. आणि रुखवताचा कायदा आमच्याकडे पोराटोरांनाही ठाऊक आहे. त्यावर जे मांडलं ते नवरीबरोबर जातं, आणि गेलेलं परत येत नाही.

परत आल्यावर मी बापाला म्हटलं, "बाबा, माझी मशीन आणा."

बाप जमिनीकडे बघत म्हणाला, "रुखवतावरचं मागायचं नसतं, बाय. दिलं ते दिलं."

पोरगी परत आली हेच त्याने कसंबसं गिळलं होतं. मशीन मागायला त्या दारात जायची त्याची छाती झाली नाही. माझीही झाली नाही, खोटं कशाला बोलू? मला त्या कडीची भीती वाटायची. मी शेजारणीच्या मशीनवर शिवलं, मग भाड्याच्या मशीनवर, मग स्वतःची नवी घेतली. बाप गेला, मग आईही गेली. आम्ही कुणीच पुन्हा तो विषय काढला नाही.

आईची तीन लुगडी मागे राहिली. दोन वहिनीने गोधडीत घातली, एक मी ठेवून घेतलं. हिरवं, बारीक चौकड्याचं. भाताच्या आवणीच्या दिवसांत आई तेच गुडघ्यापर्यंत खोचून चिखलात उभी असायची. इतक्या वेळा धुतलेलं की उजेडात धरलं तर पलीकडचं माणूस दिसावं. बाहुलीला असंच कापड लागतं. नवं कापड तिच्या अंगावर पुठ्ठ्यासारखं उभं राहतं. चौकडाही मोठा चालत नाही, नाहीतर लुगड्याऐवजी चादर गुंडाळलीय असं वाटतं. बाहुली माणसाच्या सहाव्या हिश्श्याची, म्हणजे नऊ वारांचे दीड वार आणि पन्ह्याला आठ इंच. आईच्या त्या सगळ्या लुगड्यात धागा शाबूत असलेलं कापड नेमकं तेवढंच निघालं, दीड वार. दुसऱ्यांदा कापायला काही उरलं नाही.

चोळी शिवायला मला आठ दिवस लागले. मुंढा, म्हणजे बाही लावायची गोलाई, माझ्या करंगळीएवढा. तिथे बाही आधी लावायची आणि बाजूची शिवण मागाहून घालायची, नाहीतर उलटताच येत नाही. शिवणीच्या आतला दाब एक सूत ठेवायचा, त्याहून जास्त ठेवला तर काखेत गोळा होतो. मशीनचा पाय बंद करून चाक हाताने फिरवत एकेक टाका घालायचा. माझ्या वर्गातल्या बायकांना मी हे मुद्दाम करून दाखवते. ज्या बाईला एवढासा मुंढा जमला तिला पुढे कुणाचाही ब्लाउज अवघड वाटत नाही. तेव्हा बाहुली खेळते म्हणणाऱ्यांनी आधी एक बाही लावून दाखवावी.

फोटो काढायला मी आपली आपणच शिकले. त्यातही एक नियम आहे. फोटोत खऱ्या मापाची वस्तू येऊ द्यायची नाही. शेजारी साधी काडेपेटी आली तरी बाहुली लगेच बाहुली दिसायला लागते. म्हणून मी बांधावर पोटावर आडवी पडून, फोन जमिनीला टेकवून फोटो काढते. भातसा धरणाच्या पाण्याकाठी काढलेत, माहुलीचे सुळके मागे ठेवून काढलेत, म्हसा गावच्या जत्रेत घोंगड्यांच्या थप्प्यांवर चढवून काढलेत. एकदा सापगावजवळ मी अशीच आडवी पडलेले असताना एक शेतकरी काठी घेऊन धावत आला. "ओ ताई, काय चावलं का?" म्हणाला. मी म्हटलं, "नाय हो, चावेल ते मीच." बिचारा काठी टेकून फोटो होईपर्यंत थांबला.

वाशिंदच्या बाईंनी मला बाहुल्या जमवणाऱ्यांच्या एका ग्रुपवर घातलंय. मराठीच लोक आहेत, पुण्या-मुंबईकडचे. तिथे सगळ्यांचा जीव मापावर. बारकी पळी-पोळपाटं, बारक्या खुर्च्या, आणि कोण काय टाकतं ते मापात आहे का, यावर तासन् तास चर्चा. तिथे मी आईच्या लुगड्यातला फोटो टाकला. खाचरात पाय रोवून वाकलेली, हातात गवताच्या तीन पात्यांची मूठ, चिकटवलेला डावा हात गुडघ्यावर. लोकांनी फार नावाजला. भावाने मात्र बघितला आणि भडकला.

"आपल्या आईला चिखलात उभी केलीस नि जगाला दाखवलीस?"

"आई चिखलातच उभी होती," मी म्हटलं. "तू शाळेत गेलास तो त्या चिखलावर."

तो पाय आपटत निघून गेला. तिसऱ्या दिवशी गुपचूप म्हणाला, "तो फोटो माझ्या फोनवर पाठव." आमचा भाऊ असा आहे.

गेल्या उन्हाळ्यात त्याच्या मुलीचं लग्न ठरलं. माझी भाची. शहापूरला एका दवाखान्यात काम करते, स्वभावाने शांत, अगदी माझ्या उलट. मुलाचं घर सरळगावच्या पुढे, माळशेजच्या रस्त्याला. रुखवताचं सगळं वहिनीकडे होतं आणि मांडवात आदल्या दिवशीच तिचा जीव टांगणीला लागला. थर्माकोलचं देऊळ होतं, पापडांची फुलं होती, भांडी होती, पण मधोमध काही उठून दिसेना.

"ताई, तुमची बाहुली द्या ना," ती म्हणाली. "दोन तासांपुरती. आईंच्या लुगड्यातलीच द्या, सगळे बघत राहतील."

आणि मी दिली! माझी मशीन ज्या टेबलावरून गेली तसल्याच टेबलावर मी माझ्या हाताने बाहुली नेऊन बसवली. वहिनीचा चेहरा बघून दिली, असं मी स्वतःला सांगते. खरं म्हणजे मलाही मिरवायचं होतं. आयुष्यभर ज्यांनी अरेरे केलं ते सगळे नातेवाईक त्या टेबलापुढे वाकून वाकून बघत होते, आणि मी बाजूला उभी राहून फुगत होते.

लग्न लागलं. पंगती चालू झाल्या आणि नवरीच्या ब्लाउजचा मागचा हुक निघाला. तिला आत नेऊन मी हुक लावत बसले. बाहेर येते तो टेबल साफ! मुलाकडच्या बायकांनी खालची चादर चार कोपऱ्यांनी उचलली होती आणि सगळं जसंच्या तसं टेम्पोत गेलं होतं. टेम्पो गेटातून बाहेर पडत होता. मी धावले. भावाने माझा दंड धरला.

"ताई, शोभा नको. पोरीचं लग्न आहे."

मी थांबले. या थांबण्याचा मला आजही राग येतो. माझ्या डोळ्यांदेखत टेम्पो मुरबाडच्या रस्त्याला वळला.

पाचव्या दिवशी पाचपरतावनाला भाची आणि जावई आले. मला वाटलं, पोर बाहुली घेऊन येईल. ती रिकाम्या हाताने आली. मला बाजूला घेऊन म्हणाली, "आत्या, सासूबाईंनी ती शोकेसमध्ये ठेवलीय. आल्यागेल्याला दाखवतात. मी कशी मागू गो?"

"तू नको मागूस," मी म्हटलं. "मी मागते."

घरात एकच गलका झाला. वहिनी रडायलाच लागली. "ताई, तुमी जाल नि बोलून याल. मागं ऐकावं लागेल ते माझ्या पोरीला." भाऊ म्हणाला, "बाहुलीच आहे. मी तुला दुसरी आणून देतो, वाशिंदच्या बाईंकडून आणतो, मग तर झालं?" आणि शेवटी जे यायचं तेच त्याच्या तोंडी आलं. "रुखवतावरचं मागायचं नसतं."

बापाचा आवाज, शब्दसुद्धा तेच. पण वहिनीचं म्हणणं खोटं नव्हतं. बाहुली आणायच्या नादात पोरीच्या संसाराला नाट लागलं तर मला कुणी माफ केलं नसतं, मी स्वतःसुद्धा नाही. चार दिवस मी दोन्ही बाजूंनी विचार केला. शेवटी ठरवलं की जायचं, पण आवाज चढवायचा नाही.

सकाळच्या गाडीने निघाले. त्यांचं घर रस्त्यालाच, ओट्यावर टाइल्स बसवलेलं. भाचीने पाणी दिलं आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. समोर शोकेस. त्यात मधोमध माझी बाहुली, आणि तिच्यावर पारदर्शक प्लॅस्टिकचं खोकं! मिठाईचं असावं. धूळ बसू नये म्हणून. ते खोकं बघून मी ठरवलेलं सगळं विसरले.

"विहीणबाई," मी म्हटलं, "ती बाहुली माझी आहे. मांडायला दोन तास दिली होती. मी न्यायला आलेय."

विहीणबाई म्हणजे जाडजूड, कपाळाला रुपयाएवढं कुंकू, बसल्या जागेवरून घर चालवणारी बाई. त्या हसल्या. "अहो, रुखवतावरचं कुणी परत नेतं का? आमच्याकडं नाय बा असं."

"आमच्याकडेबी नाय," मी म्हटलं. "म्हणूनच आले. माझ्या रुखवतावर माझी मशीन मांडली होती. मी मार खाऊन परत आले, मशीन तिकडंच राहिली. का, तर रुखवतावरचं मागायचं नसतं. तेव्हा मी गप्प बसले. आता नाय बसणार. त्या लुगड्यात माझी आई आहे."

शेवटचं वाक्य बोलायचं नव्हतं, ते निघून गेलं. मला रडू येत होतं आणि रडायचं तर अजिबात नव्हतं.  

आणि मग ती माझी शांत भाची, कधी कुणाला उलट उत्तर न दिलेली, दारातून पुढे आली. तिने शोकेसची काच सरकवली, खोकं बाजूला केलं, बाहुली उचलली आणि सासूच्या देखत माझ्या हातात दिली. "आत्या, ही तुझी," म्हणाली. तिच्या बांगड्या वाजत होत्या.

मग मला राहवलं नाही. आवाज चढवला नाही, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. "बाय, तू इथं सुखात राहा. विहीणबाई चांगल्या आहेत, जावई चांगला आहे. पण एक ध्यानात ठेव. दिलेलं परत येत नाय, हे खोटं आहे. मी आले. ही आली. तुझ्यावर कधी तशी वेळ आली तर माझी खोली आहे."

विहीणबाईंचं तोंड लाल झालं. मला वाटलं आता भांडण पेटणार. त्या उठल्या, माझ्या पुढ्यात आल्या आणि म्हणाल्या, "मोठ्या आल्यात शिकवायला! एवढ्याशा बाहुलीसाठी इतक्या लांब आलात, आणि मशीन दिलीत सोडून? तिकडं जायला का फाटते मग?"

टोमणाच होता तो. प्रेमाने वगैरे काही बोलल्या नव्हत्या त्या. पण वर्मी बसला. मी चहा प्यायले, नाही म्हटलं असतं तर पोरीच्या अंगावर आलं असतं, आणि निघाले.

सरळगावच्या नाक्यावर किन्हवलीची गाडी लागलेली होती. मी तिच्याजवळ उभी राहिले आणि ती समोरून गेली तरी चढले नाही. मग मुरबाडची आली. तिच्यात बसले. "कुठं?" कंडक्टरने विचारलं. बावीस वर्षांत ज्या गावाचं नाव मी तोंडातून काढलं नव्हतं, ते घेतलं. त्याने बघितलंसुद्धा नाही, नुसतं मुरबाडपर्यंतचं तिकीट फाडून दिलं. मुरबाडला उतरून पुढे जीप.

सासू मरून गेली होती, हे मला माहीत होतं. तो कल्याणला दुसरा संसार करून राहतो, हेही माहीत होतं. घरात मोठी जाऊ होती, अंगणात आंब्याच्या फोडी वाळत घालत होती. मला ओळखायला तिला वेळ लागला. मी ओट्यावर पाय ठेवला आणि आधी त्या खोलीच्या दाराकडे बघितलं. कडी तिथेच होती, गंजलेली. तरी मी पुढे गेले.

मशीन पडवीत होती. तिच्यावर कोंड्याची दोन पोती, बाजूला फावडं टेकवलेलं. पट्टा तुटलेला, चाक घट्ट बसलेलं. मी पोती ढकलली आणि फळीवरून हात फिरवला. धुळीखाली माझ्या इंचाच्या खुणा हाताला लागल्या, एक, दोन, तीन, सगळ्या.

"आता कशाला गो आलीस, इतक्या वर्षांनी?" जाऊ म्हणाली.

"माझी आहे म्हणून."

आतून दीर बाहेर आला. "असं कसं नेता येईल? ती रुखवतात आलेली..."

"ती मांडली बापाने," मी म्हटलं. "शिवत मी होते. तुमी जरा बाजूला व्हा, उजेड अडतोय."

तो झाला बाजूला. मी पिशवीतून स्क्रू-ड्रायव्हर काढला. पायाच्या मशीनचं डोकं मागच्या दोन स्क्रूंवर बसलेलं असतं, ते सैल केले की उचलून निघतं. एक स्क्रू सुटला. दुसरा गंजलेला, निघता निघेना. जाऊ उठून आत गेली आणि वाटीत गोडेतेल घेऊन आली. स्क्रूवर दोन थेंब सोडले. मग तोही फिरला.

उचलायच्या आधी मी बाहुली काढली. आईच्या लुगड्यात तिला मशीनच्या डोक्यावर बसवलं, चिकटवलेला हात चाकावर ठेवला आणि फोटो काढला. या वेळी आडवी पडले नाही. उभी राहून काढला. मागे कोंड्याची पोती, फावडं, दाराची कडी, सगळी खऱ्या मापाची, सगळी फोटोत आली. येऊ दिली. मग डोकं गोणपाटात गुंडाळलं आणि छातीशी धरून रस्त्यापर्यंत चालत आले. खालची लोखंडी चौकट पुढच्या आठवड्यात भावाने टेम्पो नेऊन आणली. मी सांगितलं नव्हतं, तोच गेला.

पोरीला तिकडे ऐकावं लागलं का? लागलं. दोन दिवस विहीणबाई धुसफुसल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी तिला विचारलं, "मग, आणली का गो तुझ्या आत्याने मशीन?" आणली म्हटल्यावर म्हणाल्या, "बरं झालं." शोकेसच्या त्या जागी आता घड्याळ आहे.

तो फोटो मी ग्रुपवर टाकला. वाशिंदच्या बाईंना आवडला. बाकीच्यांना नाही. एका बाईंनी अगदी काळजीने लिहिलं, "ताई, या वेळी मशीन मापात नाहीये. बाहुलीपुढे फारच मोठी वाटतेय."

मी लिहिलं, "मोठीच आहे. ती माझ्या मापाची आहे."